घराकडून घराकडे : मारखा खोऱ्यातला पहिला ट्रेक

लडाखमधल्या मारखाला जायचं ठरवलेला माणूस भेटला की पहिला प्रश्न खिंडीचा येतो. कोंगमारू ला ('ला' म्हणजेच खिंड) किती उंच, चढ किती तासांचा, वर बर्फ असतो का. प्रश्न रास्तच आहेत, पण त्या खिंडीवर तुम्ही फार तर अर्धा तास थांबणार. बाकीचे पाच-सहा दिवस जातात ते खोऱ्यातल्या घरांमध्ये आणि एका घराकडून दुसऱ्या घराकडे चालण्यात. स्क्यू, सारा, मारखा, उमलुंग, हांकर ही ती गावं. काही ठिकाणी तर मोजून चार-पाच उंबरे. दिवसांची आखणी या घरांच्या हिशेबाने केली, तर उंचीही सोसते आणि खोरंही कळतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आखणी खिंडीच्या हिशेबाने केली होती आणि त्याची किंमत माझ्या मित्राने मोजली. ते पुढे सांगतो.

मारखा ही झंस्कार नदीला मिळणारी नदी. लेहच्या दक्षिणेला, स्तोक पर्वतरांगेच्या पलीकडे तिचं खोरं आहे आणि ते सगळं हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतं. १९८१ साली स्थापन झालेलं हे उद्यान हिमबिबट्यांसाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात हिमबिबट्या दिसण्याची आशा धरू नका, पण निळसर राखाडी रंगाच्या भरल मेंढ्यांचे कळप कड्यांवर हमखास दिसतात.

सह्याद्रीची शिदोरी किती पुरते

आपल्याकडचे ट्रेकर दर आठवड्याला किल्ले चढतात, पायात ताकद असते, घसाऱ्यावर तोल सांभाळता येतो. हे सगळं मारखात उपयोगी पडतं. फक्त एका बाबतीत ही शिदोरी काहीच कामाची नाही, ती म्हणजे विरळ हवा. कळसूबाई १,६४६ मीटर. लेह शहरात पोहोचता तेव्हाच तुम्ही त्याच्या दुपटीहून वर, सुमारे ३,५०० मीटरवर असता. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, आणि कोंगमारू लावर जेमतेम निम्मा. उंचीचा त्रास कोणाला होईल हे अंगकाठीवरून किंवा वयावरून ओळखता येत नाही. तगड्या पोरांनाही तो नडतो, कारण त्यांना सावकाश चालायची सवय नसते.

तयारी तीन महिने आधी सुरू करा. आठवड्यातून तीन-चार दिवस तासभर भरभर चालणं, आणि सुटीच्या दिवशी पाठीवर आठ किलो वजन घेऊन सिंहगड किंवा जवळचा असाच एखादा चढ. वर पोहोचायला किती मिनिटं लागली ते मोजू नका. न थांबता, धाप न लागता, बोलत बोलत चढता येतं का ते पाहा. मारखात नेमका हाच वेग लागतो. बूट घरीच महिनाभर वापरून मळवून घ्या. रक्तदाब, दमा किंवा हृदयाची काही तक्रार असेल तर डॉक्टरांना आधी दाखवा, तिकीट नंतर काढा.

कधी आणि कसं जायचं

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्याआधी खिंडीवर बर्फ असतो, त्यानंतर खिंडीखालच्या निमालिंग या मुक्कामाचे तंबू आवरायला लागतात आणि रात्री बोचऱ्या होतात. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्री भिजत असताना लडाख कोरडं असतं, म्हणून आपल्याकडचे बरेच जण तेव्हा जातात. कोरडं असलं तरी गाफील राहू नका. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटी झाली, तेव्हा चिखलाच्या लोंढ्यात घरंच्या घरं वाहून गेली. झाडं नसलेल्या या डोंगरांवर थोडा पाऊसही दरड आणतो. पाऊस लागला तर अरुंद घळीत शिरू नका, गावात थांबा. हातात एक जादा दिवस ठेवायचा तो यासाठीच.

मुंबईहून विमानाने लेहला पोहोचणं सोपं, पण शरीरासाठी सगळ्यात कठीण, कारण समुद्रकाठावरून काही तासांत ३,५०० मीटर. वेळ असेल तर श्रीनगर–कारगिल–लेह या रस्त्याने जा. कारगिलचा मुक्काम साधारण २,७०० मीटरवर होतो आणि शरीराला पायरी मिळते. मनालीचा रस्ता देखणा आहे, पण त्यावर सर्चूसारख्या ४,००० मीटरच्या वरच्या ठिकाणी रात्र काढावी लागते. पहिल्याच खेपेला येणाऱ्याला तो रस्ता पाहायचाच असेल तर घरी परतताना घ्यावा.

लेहमधले तीन दिवस

पहिला दिवस झोपून, बसून, पाणी पिऊन काढा. खरंच झोपून. दुसऱ्या दिवशी बाजारात सपाटीवर फेरी. तिसऱ्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या, हळूहळू, आणि खाली येऊन परत आराम. या तीन दिवसांत दारू नको, झोपेच्या गोळ्या नकोत आणि गाडीने खारदुंग लाला जाऊन फोटो काढणं तर अजिबात नको. नवखे लोक नेमकं हेच करतात. दुसऱ्याच दिवशी ५,३०० मीटरच्या वर जाऊन येतात आणि रात्री डोकं धरून बसतात.

डोकं दुखणं, भूक न लागणं, मळमळ, झोप न येणं ही विरळ हवेची पहिली सूचना. सूचना मिळाली की आणखी वर जायचं नाही, एवढा एकच नियम पाळा. एका दिवसात बरं वाटलं नाही तर खाली उतरा. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, ओठ निळे पडणं म्हणजे फुप्फुसात पाणी साचतंय. चालताना झोकांड्या जाणं, असंबद्ध बोलणं म्हणजे मेंदूला सूज येतेय. या दोन्हींत रात्र असली तरी ताबडतोब उतरवायचं, सकाळची वाट पाहायची नाही. उतरणं हेच औषध. डायमॉक्स नावाने मिळणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, पण ती घरच्या डॉक्टरांना विचारूनच न्यायची. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर हे आवर्जून सांगा. गोळी घेतली म्हणून आरामाचे दिवस कमी करायचे नाहीत.

आता मित्राची गोष्ट. लेहला दुसऱ्या दिवसापासून त्याचं डोकं दुखत होतं आणि तो ते अंगावर काढत राहिला. आमची सुटी मोजकी होती आणि मी ट्रेकच्या दिवसांचा तक्ता असा घट्ट बांधला होता की त्यात आजारी पडायला जागाच नव्हती. स्क्यूला पोहोचल्यावर त्याने जेवणाचं ताट बाजूला सारलं, तेव्हा मला कळलं. त्याला परत न्यावं लागलं आणि त्या वर्षी आमच्यापैकी कुणीच खिंड पाहिली नाही. तो वाचला आणि पुढच्या खेपेला माझ्याबरोबर खिंडीवर उभा होता, हे महत्त्वाचं. त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी बरोबरच्या प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारतो: डोकं कसं आहे, जेवलास का, काल झोप लागली का. एकमेकांना हे विचारायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

लेहमध्येच उरलेली कामंही उरका. रोख पैसे काढा, खोऱ्यात एटीएम नाही. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि ट्रेकच्या वाटेवर बहुतेक ठिकाणी तेही मुकं होतं. घरी तसं सांगून ठेवा. ओळखपत्राच्या दोन प्रती आणि उद्यानाचं प्रवेशशुल्क जवळ असू द्या. पहिल्या खेपेला स्थानिक गाइड घ्याच. वाट सापडत नाही म्हणून नव्हे. घरांशी बोलायला, ओढ्याचं पाणी ओळखायला आणि अडचणीत घोडा मिळवायला तो लागतो.

सुरुवात चिलिंगवरून

मारखात शिरायच्या दोन वाटा प्रसिद्ध आहेत. जुनी वाट झिंगचेनहून रुंबकमार्गे गांदा ला ओलांडते. गांदा ला ४,९०० मीटरच्या वर आहे आणि ट्रेकच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच तो समोर उभा राहतो. नवख्याने चिलिंगहून जावं. चिलिंग आणि स्क्यू दोन्ही लेहहून थोडी खालच्या उंचीवर आहेत, त्यामुळे पहिली रात्र शरीराला विसावा मिळतो.

चिलिंगला घाई करू नका. हे धातुकाम करणाऱ्यांचं गाव. लेहजवळच्या शे या गावातल्या बुद्धमूर्तीसाठी नेपाळहून आलेले कारागीर इथे स्थायिक झाले, असं गावात सांगतात. तांब्या-पितळेची भांडी, किटल्या, पळ्या अजूनही इथे घडतात. इथे झंस्कार ओलांडायला पूर्वी तारेवरचा पाळणा होता, आता पूल आहे आणि पलीकडे गाडीरस्ता खोऱ्यात शिरला आहे. काही ट्रेकरांना तो रस्ता खटकतो. मला नाही खटकत. बाळंतीण अडली तर तिला घोड्यावर घालून दोन दिवस न्यावं लागत नाही, एवढं कारण मला पुरे आहे. रस्त्याचा भाग गाडीने पार करायचा की चालत, ते लेहमध्ये त्या आठवड्याची परिस्थिती विचारून ठरवा. पण गाडीने वाचवलेला दिवस वरच्या मुक्कामासाठी राखून ठेवा, रजेतून कापू नका.

स्क्यू ते मारखा हा लांब पल्ला, सात-आठ तासांचा. उन्हाचा, जवळपास सावली नसलेला. झेपत नसेल तर मध्ये साराला मुक्काम करून दोन दिवसांत विभागा. नदीकाठी विलो, जंगली गुलाब, सीबकथॉर्नची काटेरी झुडपं, आणि वर नुसता दगड. वाटेत जुन्या पॅराशूटच्या कापडाचे तंबू लागतात. गावातल्या बायका तिथे चहा, नूडल्स, कधी ताजी रोटी देतात. त्यांच्याकडे थांबा, तुमच्या चहाच्या पैशांतून त्या घराचा हिवाळा निघतो.

नदी किंवा ओढा पायी ओलांडावा लागला तर सकाळीच ओलांडा. वरचा बर्फ उन्हाने वितळतो आणि दुपारनंतर पाणी चढतं. सकाळी घोट्यापर्यंत असलेला ओढा चार वाजता मांडीला लागतो. सॅकचा कमरपट्टा सोडा, मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला रोवा. अनवाणी जाऊ नका, पाणी इतकं गार असतं की बोटांना दगड कळत नाही.

घरात शिरताना

होमस्टे म्हणजे हॉटेल नव्हे, हे डोक्यात पक्कं बसवून जा. अनेक गावांत पाळी ठरलेली असते, आज कोणाच्या घरी पाहुणे जायचे ते गाव ठरवतं. म्हणून 'ते घर चांगलं दिसतंय, तिकडेच राहू' असा हट्ट धरू नका. तुमच्या हट्टापायी कोणाची तरी पाळी बुडते. ठरलेल्या दरात रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि दुपारचा डबा येतो. त्यावर घासाघीस करू नका. इथलं मीठ, साखर, तांदूळ सगळं बाहेरून आलेलं असतं.

दारात 'जुले' म्हणा. नमस्कार, निरोप आणि आभार या तिन्हींना हा एक शब्द चालतो. घरच्या बाईला 'आमा-ले', आजीला 'आबी-ले', आजोबांना 'मेमे-ले'. शेवटचा 'ले' हा मान देणारा, आपण नावापुढे 'ताई', 'राव' लावतो तसा. तो गाळला तर उद्धटपणा वाटतो. बूट बाहेर काढायचे हे मराठी माणसाला सांगायला नको.

स्वयंपाकघर हीच बसायची खोली. भिंतीला चकचकीत भांड्यांची मांडणी, मध्ये चूल, भिंतीकडेने गालिचे आणि पुढे 'चोक्त्से' नावाची बुटकी, कोरीव लाकडी टेबलं. चुलीजवळची वरची जागा वडीलधाऱ्यांची आणि लामांची असते. आपण खालच्या बाजूला बसावं, ते स्वतः वर बोलावतात. चुलीत कागद, प्लॅस्टिक, उष्टं काही टाकू नका. चुलीत घाण जाळली तर घराची देवता कोपते असं ते मानतात. तसंच झऱ्यात 'लू', म्हणजे पाण्यातले नागदेव, राहतात अशी श्रद्धा आहे, म्हणून झऱ्यात साबण नको, कपडे नकोत. लागेल तेवढं पाणी भांड्यात घ्या आणि दूर जाऊन वापरा.

काही देऊ केलं की लगेच हात पुढे करायचा नाही, आधी एक-दोनदा 'नको' म्हणायचं, ही इथली रीत. तुम्ही तुमच्याकडचा खाऊ दिलात तर तेही 'नको' म्हणतील. ते खरं मानू नका, पुन्हा आग्रह करा. पंगतीत आग्रह करून वाढणाऱ्या आपल्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. चहाचा पेला रिकामा झाला की पुन्हा भरला जाणारच. पुरे असेल तर भरलेला पेला तसाच ठेवा.

चहा म्हणजे बहुधा गुरगुर चहा, लोणी आणि मीठ घालून उंच लाकडी नळीत घुसळलेला. गोड चहा समजून पहिला घोट घेतला तर तोंड वेडंवाकडं होतं. पातळ सूप समजून घ्या, आवडेल. कोरड्या थंडीत ओठ आणि अंग दोन्ही त्याने बरे राहतात. जेवायला थुक्पा (शेवयांचं सूप), मोमो किंवा 'स्क्यू', म्हणजे कणकेचे छोटे अंगठ्याने दाबलेले तुकडे भाज्यांबरोबर रटरट शिजवलेले. आपल्या वरणफळांची आठवण येते. गावाचंही नाव स्क्यू आणि पदार्थाचंही, गोंधळू नका. सकाळी जाडसर खंबीर रोटी. भाजलेल्या जवाचं पीठ 'ङाम्फे' चहात कालवून खातात. आपल्या सातूच्या पिठाचा तो भाऊच. शाकाहारी असाल तर पोहोचल्या पोहोचल्या सांगा, अडचण येत नाही. मी एक डबीभर मेतकूट नेतो. एकदा हांकरच्या आमा-लेंना ते भातावर घालून दिलं, त्यांनी वास घेऊन आधी शेजारणीला बोलावलं.

संडास कोरडा असतो. वरच्या मजल्यावर जमिनीत भोक, बाजूला माती-राखेचा ढीग आणि फावडं. झालं की एक-दोन फावडी माती टाकायची, पाणी ओतायचं नाही. खालचं खत वसंतात शेतात जातं, म्हणून त्यात ओले टिशू, पॅड, प्लॅस्टिक टाकलंत तर ते कोणाच्या तरी जवात उगवून येईल. हा कचरा वेगळ्या पिशवीत भरून लेहपर्यंत परत आणायचा. पाण्याच्या बाटल्याही विकत घेऊ नका. घरात उकळलेलं पाणी मिळतं, रात्रीच बाटली भरून ठेवा.

वाटेवर मणी भिंती लागतात, मंत्र कोरलेल्या दगडांच्या. त्या आणि चोर्तेन (स्तूप) नेहमी तुमच्या उजव्या हाताला राहतील असे चाला, मंदिराला प्रदक्षिणा घालतो तसे. त्यांवर बसू नका, दगड आठवण म्हणून उचलू नका. गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, टोपी काढा, मूर्तीकडे पाय करून बसू नका, फोटोआधी विचारा. मारखाच्या पुढे कड्यावर टेकलेलं टाचा गोंपा आहे. वाटेवरून वर पाहिलं की ते तिथे कसं बांधलं असेल असं वाटतं. चढून जा, लामा भेटले तर दार उघडतात आणि कधीकधी चहाही होतो.

हांकरला एक दिवस थांबा

बहुतेक आखण्यांत हे नसतं, आणि म्हणूनच मी आग्रहाने सांगतो. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा साधा नियम आहे. हांकर साधारण ४,००० मीटरवर, निमालिंग ४,८०० च्या आसपास. एका दिवसात ८०० मीटरची उडी. निमालिंगच्या तंबूत रात्रभर जागे राहणारे लोक याच उडीचे बळी. हांकरला दोन रात्री राहा. मधल्या दिवशी थाचुंगत्सेच्या दिशेने दोन-तीन तास चढून परत या आणि संध्याकाळी शेताच्या बांधावर बसा. वर चढायचं आणि खाली झोपायचं, एवढंच.

निमालिंग म्हणजे खोऱ्यातल्या गावांचं उन्हाळी कुरण. मेंढ्या, शेळ्या, याक इथे चरायला येतात आणि गुराखी दगडी गोठ्यांत राहतात. समोर कांग यात्से, ६,४०० मीटरचा. पाहुण्यांसाठी गावकरी तंबू लावतात, पांघरुणं देतात. तरी उन्हाळ्यातही पाणी गोठतं, म्हणून लोकरी टोपी, हातमोजे आणि पिसांचं जाकीट हवंच. बाकी सामान सांगायचं तर थोडक्यात: सुती नव्हे तर लवकर सुकणारे कपडे, पावसाचं जाकीट, काळा चष्मा, उन्हाचं मलम, हेडलॅम्प, ओआरएस, आणि अंगावर घ्यायला स्वच्छ चादरीची पिशवी. सगळं मिळून आठ-नऊ किलोंच्या वर गेलं तर काहीतरी घरी ठेवायचं राहिलंय.

खिंडीसाठी पहाटे पाचला निघा. कोंगमारू ला सुमारे ५,२०० मीटर, पण निमालिंगहून चढ साडेतीनशे-चारशे मीटरचाच. पाऊल, श्वास, पाऊल, श्वास. दोन-तीन तासांत पताका दिसतात. वर पोहोचलं की लडाखी माणसं 'कि कि सो सो ल्हारग्यालो' अशी आरोळी देतात, देवांचा विजय असो. तुम्हीही द्या, पण आधी दम खा.

खरी परीक्षा पलीकडच्या उतारात आहे. सुरुवातीला तीव्र घसारा, मग जांभळ्या-हिरव्या दगडांची अरुंद घळ आणि तोच ओढा पुन्हा पुन्हा ओलांडायचा. गुडघ्यांसाठी दोन काठ्या हव्यात. पाणी निमालिंगहूनच भरून घ्या. उतारावरच्या एका जागेचं नावच चुस्क्युर्मो, म्हणजे आंबट पाणी. चोगदो किंवा शांग सुमदोला पोहोचेपर्यंत सहा-सात तास जातात, तिथून गाडीने लेह. परतीचं विमान दुसऱ्याच दिवशीचं घेऊ नका. लेहची उड्डाणं हवामानाने रद्द होतात.

कोणाकडे लहान मुलं किंवा साठीपलीकडचे आई-बाबा असतील तर शाम खोऱ्याचा लिकिर ते तेमिसगाम हा तीन-चार दिवसांचा ट्रेक करा. खिंडी ४,००० मीटरच्या आत आहेत, आणि घरं तितकीच मायेची.

लेहला परतल्यावर एक काम राहतं. घरातल्यांचे फोटो काढले असतील तर बाजारातल्या स्टुडिओत ते कागदावर छापून घ्या, मागे गावाचं आणि घराचं नाव लिहा आणि त्या वाटेने निघालेल्या गाइडकडे किंवा ड्रायव्हरकडे द्या. पोहोचतात ते. दुसऱ्या खेपेला मी हांकरच्या त्याच घरी गेलो, तेव्हा भांड्यांच्या मांडणीत, सगळ्यात मोठ्या तांब्याच्या किटलीला टेकवून, मागच्या वर्षीचा फोटो उभा होता.